चारशे फुटांच्या आत

नगररचनेचा नकाशा ही मोठी देखणी वस्तू असते. वस्ती पिवळी, बाजार निळा, कारखाने जांभळे, शाळा-इस्पितळे तांबडी आणि शेते हिरवी. आम्हां कारकुनांचा जन्म काळ्या-पांढऱ्यात गेलेला. तेव्हा असा रंगीत कागद मेजावर उलगडला की क्षणभर डोळ्यांना बरे वाटते. मात्र या कागदावर माणूस कोठेच काढलेला नसतो. रंग दिलेला असतो तो जमिनीला, आणि जमिनीच्या त्या रंगावरून कोणी कोठे राहावे, कोणी कोठे दुकान थाटावे, आणि अलीकडे मला असेही कळले की कोणी कोठे म्हातारे व्हावे, हे ठरून जाते.

देवनहळ्ळीस बदलून आल्याला मला चार वर्षे होत आली. येथे येण्यापूर्वी या गावाविषयी माझे ज्ञान एवढेच होते की टिपू सुलतानाचा जन्म येथला. किल्ल्याबाहेर त्या जागी चार खांबांचे एक लहानसे कुंपण आहे आणि त्यात एक शिळा आहे. येणारी-जाणारी मंडळी तेथे दोन मिनिटे थांबतात आणि पुढे जातात. गावाची खरी कीर्ती निराळी होती: चकोता नावाचे पपनसाच्या जातीचे भले थोरले फळ, आणि काळीनिळी द्राक्षे. पुढे २००८ च्या मे महिन्यात विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षांच्या मांडवांवरून विमाने उतरू लागली. विमानतळाभोवतालच्या प्रदेशाच्या नियोजनासाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले, त्याचे नकाशे झाले, आणि ‘झोन’ हा शब्द या तालुक्यात इतका रुळला की चहाच्या टपरीवर बसलेला शेतकरीही तो कन्नड शब्द असल्यासारखा उच्चारतो. त्याला तसे कारणही आहे. चन्नरायपट्टण होबळीतील तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगासाठी घेण्याचे २०२२ साली घाटत होते; शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरले आणि १५ जुलै २०२५ रोजी राज्य सरकारने तो बेत सोडून दिल्याचे जाहीर केले. त्या दिवशी आमच्या कार्यालयातील शिपाई, ज्याचे सासर त्याच भागातले, पेढे घेऊन आला होता. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला निदान आरडाओरडा करता येतो, हे मी त्या पेढ्याबरोबर मनात नोंदवून ठेवले.

आता आमच्या वसाहतीकडे वळतो. विमानतळाच्या नोकरीतली, संगणकाच्या कंपन्यांतली आणि आमच्यासारखी केंद्र सरकारी माणसे मिळून ही वसाहत बनली आहे. रस्ते आखीव, झाडे अजून पोरवयाची. हिच्या चौथ्या गल्लीत एक प्रशस्त दुमजली घर आहे. मालक निवृत्त होऊन मुलीकडे गेले आणि जाताना ते घर एका धर्मादाय मंडळाला देऊन गेले. मंडळाने तेथे बारा वृद्धांची सोय करावयाचे ठरविले. मोठे काही नव्हते: एक स्वयंपाकीण, दोन परिचारिका, आठवड्यातून दोनदा डॉक्टर. मंडळाने रीतसर अर्ज केला, आणि पंधरा दिवसांच्या आत वसाहतीत हरकतीचा कागद फिरू लागला.

तो कागद मी वाचला. मसुदा उत्तम होता. हे मी मसुद्यांची पारख असलेला माणूस म्हणून सांगतो. हा निवासी विभाग आहे, वृद्धाश्रम ही ‘संस्था’ आहे, संस्थेने संस्थांच्या रंगात जावे, असा मुख्य मुद्दा. त्याखाली रुग्णवाहिकांचा आवाज, पाण्याचे टँकर, वाहने उभी करण्याची अडचण, सांडपाण्याचा प्रश्न. आणि अगदी शेवटी, जणू आठवले म्हणून लिहिलेले, की वसाहतीतील मुलांच्या मनावर ‘वारंवार घडणाऱ्या दुःखद प्रसंगांचा’ विपरीत परिणाम होईल. म्हातारी माणसे मरतात, हे एवढ्या सभ्यतेने लिहिलेले मी प्रथमच पाहिले. घरांच्या किमती उतरतील हे कागदावर नव्हते. ते जिन्यात बोलले जात होते.

सह्या गोळा करणारे गृहस्थ आमच्याही दारी आले. वहीत घराचा क्रमांक लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘आपण मालक ना?’’ मी म्हटले, ‘‘भाडेकरू.’’ त्यांनी वही मिटली, सौजन्याने हसले आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली. सही देण्याचा किंवा नाकारण्याचा प्रसंगच आला नाही. बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांना हा अनुभव नवा नसावा. आपण ज्या गावी राहतो, तेथले पाणी भरतो, तेथल्या शाळेत पोरे घालतो, तेथे आपला शब्द मात्र घरभाड्याच्या पावतीएवढाच टिकतो.

या सगळ्यात माझे लक्ष गुंतण्याचे कारण माझे वडील. नाना शहात्तर वर्षांचे आहेत. आई गेल्यावर कोकणातील घराला कुलूप लावून ते माझ्याकडे आले. पहिले वर्षभर त्यांना येथे बोलायला कोणी नव्हते. मी सकाळी आठला बाहेर पडणार, सौ. शाळेत शिकवावयास जाणार, आणि नाना कोकणातल्या पावसाची बातमी वर्तमानपत्रात शोधत बसणार. एके दिवशी संध्याकाळी ते उत्साहात परतले. चौथ्या गल्लीत एक बाई त्यांना मराठीत रागावल्या होत्या. फाटकाशी उभे राहून नानांनी त्यांच्या जास्वंदीचे फूल तोडले होते.

त्या बाई म्हणजे आमच्या काकू. नागावच्या. अलिबागेशेजारचे नागाव, म्हणजे नानांच्या हिशेबाने घरच्याच. काकू बेने इस्राएल समाजाच्या. यजमान बंगळूरच्या एका कारखान्यात होते, ते वारले. मुलगा इस्राएलमध्ये अश्दोदला असतो, दर शुक्रवारी दिवेलागणीपूर्वी त्याचा फोन येतो. येथे त्यांच्या समाजाची घरे बोटांवर मोजण्याइतकी. मात्र मागडी रस्त्यावर एक जुनी यहुदी दफनभूमी आहे, आणि तेथील एका थडग्यावर सुभेदार नागावकर असे नाव आहे, हे त्या नानांना एखाद्या वतनाची सनद दाखवावी तशा अभिमानाने सांगतात.

कुलाबा जिल्ह्यात वाढलेल्यांना या समाजाची ओळख करून द्यावयास नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे गावांवरून पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी पडली. नवसाचा मलिदा पोह्यांचा होऊ लागला. कोण्या काळी जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्यांची ही प्रजा. त्यांना कोकणात कोणी विचारले नाही की तुमचा विभाग कोणता. १९५१ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज इस्राएलकडे वाटा फुटल्यावर आता भारतात चार-पाच हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

काकूंचा देवनहळ्ळीशी आणखी एक धागा आहे, आणि तो त्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. कंपनीच्या फौजेत सामाजी हसाजी दिवेकर नावाचा बेने इस्राएल अंमलदार होता. सॅम्युएल इझिकेल हे त्याचे यहुदी नाव. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. कैद्यांची जात विचारली जात असता त्याने ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. आख्यायिका म्हणते की हे शब्द टिपूच्या आईच्या कानी गेले. कुराणात ज्यांचे नाव वाचले ती माणसे आपण प्रत्यक्ष कधी पाहिली नाहीत, तेव्हा यांचा जीव घेऊ नये, असे तिने मुलाला विनविले. दिवेकर सुटला, मुंबईस परतला आणि १७९६ साली त्याने तेथे बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. नाव ठेवले ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. त्याच्या नावाची सॅम्युएल स्ट्रीट मुंबईत सर्वांस ठाऊक आहे. ‘‘त्या बाईने एवढा एक शब्द टाकला नसता तर आम्हांला मंदिर कधी मिळाले असते कोण जाणे,’’ असे काकू म्हणतात. गोष्टीतले इतिहासाचे किती आणि भक्तीचे किती, हे मी त्यांना विचारीत नाही.

तर चौथ्या गल्लीतील त्या घरात पहिले नाव काकूंनी नोंदविले होते. गल्ली तीच, जास्वंद तीच, फक्त जिना चढावा लागू नये आणि रात्री कोणीतरी हाकेला असावे, एवढाच हेतू. त्यांची धाकटी बहीण अमेरिकेत ‘ब्नाय ब्रिथ’ या यहुद्यांच्या बंधुमंडळाने वृद्धांसाठी चालविलेल्या घरांपैकी एकात राहते. हे मंडळ १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये जर्मनीहून आलेल्या बारा यहुद्यांनी काढले. विधवा, अनाथ, आजारी यांना हात देणे हा त्याचा आरंभीचा उद्योग. पुढे वृद्धांची घरे त्यात आली. आज त्या घरांत कोणत्याही धर्माच्या माणसाला खोली मिळते. बहिणीच्या शेजारी एक ग्रीक म्हातारा आहे आणि तो पत्त्यांत लबाडी करतो, अशी काकूंकडची ताजी वार्ता आहे.

‘ब्नाय ब्रिथ’ याचा अर्थ कराराची मुले. ‘ब्नाय’ आणि आपल्याकडचे ‘बेने’ हा एकच शब्द. करार म्हणजे अब्राहामाशी देवाने केला तो. परंतु या कराराच्या मुलांना अमेरिकेत आणखी एका करारास तोंड द्यावे लागले. घराच्या खरेदीखतातच अट लिहिलेली असे की हे घर पुढे काळ्या माणसास, आणि कित्येक ठिकाणी यहुद्यासही, विकू नये. वंशावरून घातलेल्या अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. विभागांचे नकाशे त्याआधीच वैध ठरले होते. १९२६ साली ओहायोतील युक्लिड या खेड्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वस्ती आणि उद्योग वेगळे करण्याचा नगरपालिकेचा अधिकार मान्य केला. आणि बंगल्यांच्या आळीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या चाळवजा इमारतीला त्या निकालपत्राने बांडगुळाची उपमा दिली. मी भाडेकरू असल्याने हे वाक्य माझ्या विशेष लक्षात राहिले आहे.

आमच्या गल्लीतील प्रकरणाला तंतोतंत जुळणारा खटला मात्र सिॲटल शहरातला आहे. कॅरोलाइन क्लाइन गॅलंड नावाच्या यहुदी बाईंनी आपली मिळकत गरीब, दुबळ्या वृद्धांच्या घरासाठी ठेवली होती. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे वॉशिंग्टन सरोवराच्या काठी १९१४ पासून असे घर चालू होते. त्यात चौदा वृद्धांची सोय होती. विश्वस्तांनी तेथे तीस जणांसाठी नवी, आगीला न बधणारी इमारत बांधावयाचे योजिले. जागा ऐसपैस होती. रस्त्यापासून सरोवरापर्यंत पसरलेली, झाडांनी झाकलेली. पण मध्यंतरी शहराने विभाग पाडले होते, आणि १९२५ च्या दुरुस्तीने असा नियम केला होता की पहिल्या प्रतीच्या निवासी विभागात मुलांचे किंवा वृद्धांचे धर्मादाय घर बांधावयाचे असेल तर चारशे फुटांच्या आतील दोन-तृतीयांश मालमत्तेच्या मालकांची लेखी संमती आणावी. संमती नव्हती. इमारत खात्याच्या अधीक्षकाने परवाना नाकारला. त्या बिचाऱ्याने नियमाबरहुकूम शेरा मारला असेल, आणि त्या शेऱ्यामुळे त्याचे नाव, रोबर्ज, शंभर वर्षे कायद्याच्या पुस्तकांत अडकून पडले आहे. शेरे मारताना आपण सर्वांनीच हे ध्यानात ठेवावे.

१९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. निकालातील विचार साधा आहे. शेजाऱ्यांची संमती मिळाली तर हे घर चालते असे ज्या अर्थी शहरच म्हणते, त्या अर्थी घर मुळात वस्तीला बाधक नाही. मग उरते ती शेजाऱ्यांची मर्जी. सरकारी अधिकाऱ्याला आपल्या निर्णयाचे कारण द्यावे लागते. शेजाऱ्याला द्यावे लागत नाही. तो स्वार्थाने नाही म्हणेल, लहरीने नाही म्हणेल, आणि त्याच्या ‘नाही’वर कोठे अपील नाही. क्लाइन गॅलंड यांच्या नावाचे वृद्धांचे घर आजही त्याच सरोवराकाठी चालू आहे.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि दर वेळी एका गोष्टीपाशी अडखळलो. खटला विश्वस्त जिंकले. वाद झाला तो विश्वस्त, अधीक्षक आणि मालमत्तेचे मालक यांच्यात. आत राहणाऱ्या चौदा जणांना किंवा येऊ घातलेल्या सोळा जणांना चारशे फुटांच्या आत की बाहेर मोजायचे, याचा प्रश्न कोणीच काढला नाही. ते तर शून्य फुटांवर होते.

आपल्याकडचा कायदा याहून निराळा आहे, पण गणित फारसे निराळे नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा अधिनियम १९१५ साली झाला. देशातला तो पहिला. तेव्हापासून योजना जाहीर करा, हरकती मागवा, सुनावणी घ्या, हा शिरस्ता चालत आलेला आहे. शिरस्ता चांगला आहे; सरकारने मनास येईल तो रंग फासू नये म्हणून तो हवाच. पण हरकत घेण्याजोगे ज्याच्याकडे काही आहे तोच हरकत घेतो. उलट, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात असे आहे की राज्य सरकारांनी टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम काढावेत, आरंभी जिल्ह्याला निदान एक, आणि प्रत्येकात किमान १५० निराधार वृद्धांची सोय असावी. आणि ते सहज पोहोचण्याजोग्या ठिकाणी असावेत. हे शेवटचे शब्द ज्या कोणी मसुद्यात घातले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. पोहोचण्याजोगे ठिकाण म्हणजे वस्ती, आणि वस्ती म्हणजे पिवळा रंग. तेथे शेजारी असतात.

शेजाऱ्यांविषयी अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. आमच्या वसाहतीत पाणी खरोखरच टँकरने येते, आणि उन्हाळ्यात त्यावरून सख्खे मित्र अबोला धरतात. त्या घरासमोरचे तरुण जोडपे रात्रपाळी करून दिवसा झोपते. त्यांच्या खोकणाऱ्या तान्ह्या पोराला रात्री दोनला इस्पितळात नेण्यासाठी गाडी काढली ती या हरकतीच्या कागदावर पहिली सही करणाऱ्या गृहस्थांनीच. माणसे वाईट नाहीत. आपल्या घरात आजी खाटेवर असेल तर तिच्या उशाशी जागतील. समोरच्या घरात बारा आज्या असल्या की ती ‘संस्था’ होते. एक म्हातारा हे घरपण आणि बारा म्हातारे हा उपद्रव, ही सीमा नक्की कोणत्या आकड्यावर पडते, हे कोणत्याच नियमावलीत मला सापडले नाही. पूर्वीच्या आमच्या कोकणातील घरांत आत्या, विधवा काकू, लांबच्या नात्यातला ब्रह्मचारी असे पाच-सहा वृद्ध सहज निघत. त्या घरांना आज परवानगी मिळाली असती काय?

सुनावणीची सूचना कन्नडमध्ये आली. काकूंना बोलता येते, वाचता येत नाही, माझे उलट. म्हणून मी मोठ्याने वाचली आणि त्यांनी अर्थ लावला. शेवटी हरकतदाराचे नाव, मिळकतीचा क्रमांक, मालकीचा पुरावा असे रकाने होते. काकूंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘‘आणि ज्याला तिथे राहायचे आहे त्याने कुठे लिहायचे?’’ नाना म्हणाले, ‘‘समासात.’’

नानांनी ते थट्टेने म्हटले खरे, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी साधा कागद घेऊन टपोऱ्या अक्षरांत मराठीत एक पत्र लिहिले. आम्ही दोघे वृद्ध आहोत, आम्हांला या घराची गरज आहे, आवाज करणार नाही, एवढाच मजकूर. मी त्याचे इंग्रजी केले, कार्यालयातील एका सहकाऱ्याने कन्नड केले. ते दाखल झाले आणि त्यावर आवक क्रमांकही पडला. नाना अजून तरी माझ्याकडेच राहणार आहेत. मग ‘आम्हांला’ असे का लिहिले, हे मी त्यांना विचारले नाही. माझी पुढची बदली कोठे होईल ते मला ठाऊक नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे.

सुनावणीच्या आधीच मंडळाने अर्ज मागे घेतला. भांडत बसण्यात दोन वर्षे जातील आणि बारा जणांपैकी काहींना दोन वर्षे नाहीत, असे त्यांच्या चिटणीसांनी सांगितले. आता त्यांनी गावाबाहेर दहा-बारा मैलांवर जागा पाहिली आहे. नकाशात ती हिरवी आहे, म्हणजे शेतीची. तिचा वापर बदलून घ्यावा लागेल. त्यालाही वेळ लागेलच, पण तेथे हरकत घ्यावयास जवळपास कोणी राहत नाही. गेल्या रविवारी रिक्षा करून काकू आणि नाना ती जागा पाहून आले. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मधून कच्चा रस्ता, एसटीसारखी लाल बस दिवसातून दोनदा. काकूंनी रिक्षावाल्याला विचारले की जवळचे इस्पितळ किती लांब. त्याने विमानतळाकडे बोट दाखविले आणि म्हणाला, त्याच्या पलीकडे.

तरीही त्यांनी नवा अर्ज आणला आहे. सोमवारी संध्याकाळी आमच्याच जेवणाच्या मेजावर बसून भरला. ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यापाशी त्या थांबल्या. मुलगा अश्दोदला, त्याचा पत्ता अर्जाच्या ओळीत मावेना. ‘‘तुमचे नाव घालू का, नाना?’’ त्यांनी विचारले.

‘‘घाला की. पण पत्ता पेन्सिलीने लिहा,’’ नाना म्हणाले. ‘‘आमचा बदलतो.’’